नवव्या कलमाचे दोन रकाने

विमा पॉलिसीच्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर दोन रकाने होते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. एकाच गोष्टीला मराठीत जागा थोडी जास्त लागते, म्हणून दर कलमाला उजवा रकाना डाव्याच्या खाली दोन-तीन ओळी उतरलेला असे आणि डावीकडे तेवढी पांढरी पट्टी उरे. पहिल्या कलमापासून आठव्यापर्यंत हे असंच चाललं होतं. नवव्या कलमात मात्र मराठी आधी संपलं होतं. पांढरी पट्टी उजवीकडे होती.

नंदिनी थूलला आधी ही पट्टी दिसली आणि मजकूर मागाहून. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तिनं सेवाग्रामला संशोधन विभागात बरीच वर्षं काढली होती. आलेखात सगळे बिंदू रेषेवर बसलेले असले आणि एखादाच बाजूला पडला असला, की तिची नजर आपोआप त्या एकट्याकडे जाई.

ती केळझरला तानाबाईंच्या पुढच्या खोलीत बाजेवर बसली होती. तानाबाई गावातल्या शिलाईवाल्या. नंदिनीच्या शाळेच्या फ्रॉकपासून एम.एस्सी.च्या निरोप समारंभाच्या ब्लाउजपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. त्या खोलीत भिंतीला लागून तीन मशिनी असायच्या. आता एकच होती. बाकीच्या दोन्हींच्या जागी फरशीवर पायांचे फिके चौकोन राहिले होते.

“दवाखान्यात गेल्या थ्या,” तानाबाई म्हणाल्या. “म्हंजे मी गेलती, अन् थ्या माह्या बदल्यात गेल्या.”

पित्ताशयात खडे झाले होते. रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा घरची माणसं त्यांना सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाली होती. तिथं फारसा खर्चही आला नसता. पण फोनवर नंदिनीचा धाकटा भाऊ रोशन म्हणाला, “काऊन मावशीले रांगेत बसवता? पॉलिसी हाय ना. वर्ध्यात खाजगीत न्या, कंपनी भरते.” तो विमा कंपनीचा एजंट. पॉलिसी त्यानंच काढून दिली होती. म्हणून खाजगीत नेलं, ऑपरेशन झालं आणि कंपनीनं खर्च द्यायला नकार दिला; बिल दोन मशिनी विकून भागवावं लागलं. नकाराच्या पत्रात नवव्या कलमाचा हवाला होता.

नंदिनीनं दोन्ही रकाने वाचले. मराठीत लिहिलं होतं की पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांचा खर्च पहिली दोन वर्षं मिळणार नाही. तानाबाईंचे खडे नंतरचे. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. इंग्रजीत याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं. पित्ताशयाचे खडे, हर्निया, मोतीबिंदू आणि अशाच काही आजारांचा खर्च पहिली दोन वर्षं मिळणार नाही, मग आजार जुना असो वा नवा. हे वाक्य मराठीत नव्हतंच. चुकीचं उतरवलेलं नव्हतं, संदिग्ध नव्हतं. पांढरी पट्टी होती फक्त.

आणि शेवटच्या पानावर सत्ताविसावं कलम, दोन्ही भाषांत नीट छापलेलं: ‘मराठी भाषांतर केवळ ग्राहकाच्या सोयीसाठी आहे. दोन्हींमध्ये तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जाईल.’

त्याच्याही खाली एक ओळ होती. ‘मराठी मजकूर उलट-भाषांतर पद्धतीने तपासलेला. नंदिनी थूल, एम.एस्सी.’

“तुह्यं नाव हाय म्हणून तं मी सही केली,” तानाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. “सगळ्यायले दाखवलं मी. म्हटलं, पाय, आपली नंदी हाय यात. मले सांग पोरी, हे असं कसं? माप घेतलं मराठीत अन् कापड कापलं इंग्रजीत?”

नंदिनीनं पुस्तिका मिटली.

“तू पाह्यलंच असन ना दोनी बाजूनं? मी केस टाकून राह्यली वर्ध्याले, ग्राहक आयोगात. तू येशीन ना सांगाले?”

“पाहते मावशी,” नंदिनी म्हणाली.

हे बोलून आठ महिने होऊन गेले. तेव्हापासून ती केळझरला आईकडे आली की मागच्या गल्लीनं घरात शिरायची.

झालं होतं ते असं. सेवाग्रामला रुग्णांवर एखादं संशोधन करायचं असलं की त्यांची संमती घ्यावी लागते आणि संमतीचा कागद त्यांच्या भाषेत असावा लागतो. एक जण इंग्रजीचं मराठी करतो. दुसरा त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो. त्यानं मूळ इंग्रजी पाहायचं नसतं, कारण पाहिलं तर मराठीत नसलेलंही त्याला मराठीत दिसायला लागतं. मग तिसरा माणूस दोन इंग्रजी कागद शेजारी ठेवून ताडून पाहतो. नंदिनी कायम दुसरी असायची. तिच्याइतकं कोरडं, काही न घालता काही न गाळता उलटं भाषांतर विभागात कोणी करत नसे.

दोन वर्षांपूर्वी रोशन ही पुस्तिका घेऊन आला होता. “ताई, कंपनीले तुह्यासारखंच माणूस पाह्यजे,” असं म्हणत त्यानं दोन्ही भाषांतले कागद तिच्यापुढे टाकले. तिनं इंग्रजी कागद न बघताच उलटे करून त्याला परत दिले. “हे मले दाखवू नको. पद्धत हाय तशी.” मग मराठीचं काटेकोर इंग्रजी करून पाठवलं. ताडून पाहणारा तिसरा माणूस कंपनीत असणार, हे तिनं गृहीत धरलं. असा कोणी नव्हता. तिचं पाकीट कुणी उघडलंही होतं की नाही कोण जाणे. तिचं नाव मात्र छापलं गेलं, आणि पुस्तिका हातात पडली तेव्हा तिनं ते नाव पाहून ती कपाटात ठेवून दिली होती.

*

नंदिनीच्या सहीसाठी कंपनीनं तयार केलेलं शपथपत्र रोशननं सोमवारी आणून दिलं आणि गुरुवारी सकाळी तो तिला न्यायला आला. वर्ध्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांच्या बाजूनं त्यानं मोटारसायकल काढली. न्यायालयाच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी त्यानं गाडी थांबवली.

“वाचलं ना?”

“वाचलं.”

“मंग?”

“चौथ्या परिच्छेदात लिहिलं हाय, मी दोन्ही मजकूर ताडून पाह्यले. मी इंग्रजी पाह्यलंच नव्हतं, रोशन. तूच समोर होता.”

“मले मालूम हाय, ताई.” त्यानं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते. “पण आज दुपारची तारीख शेवटची हाय. कागद आज नाई गेला तं कंपनीचं म्हणणं बंद होते. मंग वरचे लोक कोणाले धरतीन? मले. म्हणतीन एजंटनं ग्राहकाले चुकीचं सांगतलं. मी कोणाले खोटं नाई बोललो. मराठीत होतं थेच सांगतलं. मले काय इंग्रजी तुह्यासारखी येते?”

“मंग हेच सांग ना तू आयोगाले.”

“सांगून पाय बरं तू कंपनीत राहून!” तो हसला, पण हसू अर्ध्यातच विझलं. “हे पाय. तू हो म्हटलं तं एकटी तानामावशी हरते. तिले मी अन् तू मिळून दोन मशिनी घेऊन देऊ. लागन तं कर्ज काढतो. तू नाई म्हटलं तं मी गेलो. अर्ध्या केळझरात माह्या पॉलिस्या हायेत. सगळे दारात येऊन उभे राह्यतीन, आईच्या दारात.”

नंदिनी ग्लासातल्या चहाकडे पाहत होती. अर्ध्या केळझरात. म्हणजे तितक्या घरांत, तितक्या पुस्तिकांत उजवीकडे तीच पांढरी पट्टी होती, आणि त्यातल्या कुणाला अजून खडे झाले नव्हते इतकंच.

“अन् तुह्यंही पाय,” रोशन हळू आवाजात म्हणाला. “मी न पाह्यता नाव छापू दिलं असं तू बोलली, तं सेवाग्रामले काय म्हणतीन? तुह्या सहीवर तिथं पेशंटचे कागद चालतेत.”

हे तिच्या मनात आठ महिने होतं. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकू आलं.

“चाल,” ती म्हणाली. “उशीर होईन.”

*

न्यायालयाच्या आवारात, ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यासमोर, कडुनिंबाखाली पत्र्याच्या छपरात नोटरीची टेबलं होती. कोपऱ्यातलं टेबल बबनरावांचं. शिक्का मारण्याआधी ते प्रत्येकाला मोठ्यानं विचारत, ‘मजकूर वाचला? समजला? खरा आहे?’ बाकीचे नोटरी विचारत नसत. माणसं कंटाळून तिकडे जात. पण आज तिकडे रांगा होत्या आणि बबनराव मोकळे होते, म्हणून कंपनीचे वकील त्यांच्याच टेबलाशी उभे होते.

धर्मेंद्र त्यांचं नाव. नागपूरहून यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घडी केलेला काळा कोट.

“या मॅडम. बस एक सही. दोन मिनिट का काम है.” त्यांनी शपथपत्र टेबलावर पसरलं. इंग्रजी, दोन पानांचं.

नंदिनी खुर्चीत बसली, पण पेनाला हात लावला नाही.

“मला एक विचारायचं आहे. सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे तफावत असली तरी इंग्रजीच धरायचं ना?”

“अगदी बरोबर. तेच तर आमचं म्हणणं आहे.”

“म्हणजे मराठीत काहीही असलं तरी तुम्हीच जिंकणार.”

“कायद्यानं, हो.”

“मग माझी सही कशाला हवी?”

वकिलांनी कोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बबनरावांनी शिक्क्याची गादी उघडता उघडता मान वर केली.

“असं आहे मॅडम,” धर्मेंद्र म्हणाले, “आयोगानं मागच्या तारखेला विचारलं, की ग्राहकाला इंग्रजी येत नाही, तिनं मराठी वाचून सही केली, तर तिला इंग्रजीत काय आहे ते कळणार कसं? आता तुम्ही म्हणालात की दोन्ही मजकूर एकच आहेत, तर प्रश्नच मिटतो. तफावतच नाही, तर कलमाची गरज नाही. तुम्ही शिकलेल्या, तटस्थ, सेवाग्रामसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या. तुमचा शब्द वजनदार.”

“पण तफावत आहे. एक अख्खं वाक्य मराठीत नाही.”

“भावार्थ तोच आहे.”

“नाही,” नंदिनी म्हणाली. “दोन रकाने शेजारी ठेवलेत तर तुम्हालाही दिसेल. उजवीकडे जागा रिकामी आहे.”

“ताई,” रोशन मागून म्हणाला.

धर्मेंद्र जरा वाकले, आवाज उतरवला. “मॅडम, एक स्पष्ट बोलतो. तुमचं नाव त्या पुस्तिकेवर तपासणारी म्हणून छापलेलं आहे. भाषांतर अपूर्ण आहे असं तुम्ही आज म्हणालात, तर पहिला प्रश्न तुम्हालाच. मग तपासलंत काय? आम्हालाही तो विचारावा लागेल, नाइलाजानं. सही केलीत तर तुम्ही सुटलात, भाऊ सुटला. आणि नाही केली तर...” त्यांनी रोशनकडे नुसतं पाहिलं.

रोशननं नजर खाली घातली. लहानपणी काच फोडली की तो असाच उभा राहायचा, एका पायावर भार देऊन.

तेवढ्यात आवाराच्या फाटकातून तानाबाई आल्या. निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. तीही त्यांनीच शिवलेली, उरलेल्या तुकड्यांची. वकील नव्हता त्यांना. दर तारखेला एस.टी.नं येत आणि स्वतःच उभ्या राहत. नंदिनीला पाहून त्या थबकल्या. मग टेबल, वकील, रोशन, सगळं त्यांच्या नजरेत आलं.

“काय वं नंदे,” त्या म्हणाल्या. “तू आली म्हणे? मले वाटलं रस्ता विसरली केळझरचा.”

नंदिनी उठून उभी राहिली.

“बस बस. तुह्यं चालू दे. मोठ्या मालकिणीचं काम हाय ना,” तानाबाईंनी इंग्रजी कागदाकडे हनुवटी केली. “आमची मराठी बिचारी मोलकरीण. तिनं काई सांगतलं तरी मालकीण म्हणन, थे काई खरं नोय. रोशन, काऊन रे, चहा पाजला का नाई बहिणीले? वाळून गेली पोरगी.”

“मावशी, तुमी आत जाऊन बसा ना,” रोशन कळवळून म्हणाला. “इथं काम चालू हाय.”

“जातो ना. माह्याच केसचं काम अन् मीच आत जातो.” त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. आता आवाजात थट्टा नव्हती. “नंदे, एक सांगतो. तुले जे लिहाचं थे लिही. भाऊ हाय तुह्या पदरात, मले समजते. मी हरली तरी जगीन. हात हायेत अजून. पण मी त्या रात्री सेवाग्रामच्या रस्त्यावरून परतली, थे तुह्या नावाच्या भरवशावर. हे तेवढं आयोगाले मी सांगणार. मले कोणी थांबवू नोका.”

त्या आत गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर बसताना एक हात पोटाच्या उजव्या बाजूला दाबून बसल्या. शिवणीची जागा.

नंदिनीनं ते पाहिलं. एवढे महिने तिनं सगळा हिशोब तिसऱ्या माणसावर मांडला होता. तिसऱ्यानं ताडायला हवं होतं, तिसराच नव्हता, दोष तिसऱ्याचा. हिशोब बिनचूक होता. पण तानाबाईंना तिसरा माणूस माहीतच नव्हता. त्यांना नंदी माहीत होती. सेवाग्रामला रुग्ण ज्या भाषेतल्या कागदावर अंगठा उठवतो, त्याच कागदाला विभाग बांधलेला असतो. रुग्णासमोर कुणी म्हणू शकत नाही की खरा कागद दुसरीकडे ठेवला आहे. एवढी साधी गोष्ट तिला सेवाग्रामच्या फाटकाच्या आत समजत होती, बाहेर नाही.

“मॅडम, पुकारा होईल,” धर्मेंद्र घड्याळ बघत म्हणाले.

“ताई, आईची आण हाय तुले,” रोशन म्हणाला. “माह्याकडं पाय एकदा.”

तिनं पाहिलं. त्याच्या शर्टाची कॉलर उलटून पुन्हा शिवलेली होती. तानाबाईंचंच काम, दुसऱ्या कुणाची टीप इतकी बारीक नसे. त्याला दिसत होतं की ती काय करणार आहे. त्यानं मान हलवली, नको नको म्हणून, आणि मग ती हलायची थांबली.

बबनरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, शपथपत्र स्वतःकडे ओढलं आणि रोजच्या मोठ्या आवाजात, शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून पाहतील अशा, विचारलं:

“नंदिनी थूल तुम्हीच?”

“हो.”

“मजकूर वाचला?”

“वाचला.”

“इंग्रजीत आहे. समजला? का मराठीत सांगू?”

“समजला.”

“खरा आहे?”

छापखान्यासारखा खडखडणारा कुठला तरी प्रिंटर थांबला. धर्मेंद्रांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हाताशी सरकवलं. व्हरांड्यातून पुकारणाऱ्या शिपायाचा आवाज आला. तानाबाई बाकावरून उठत होत्या.

नंदिनीनं पेन उचललं, टोपण लावलं आणि वकिलांच्या कोटाशेजारी ठेवलं.

“नाही,” ती म्हणाली. मग तिनं आवाज चढवला, व्हरांड्यापर्यंत पोचेल इतका, आणि तो केळझरच्या बोलीतच निघाला. “खरा नाई. मी इंग्रजी पाह्यलंच नव्हतं, अन् मराठीत एक वाक्य कमी हाय. बबनराव, मले दुसरं शपथपत्र कराचं हाय. मराठीत. तानाबाईच्या बाजूनं.”